सव्वीस टक्क्यांचा प्रश्न: भारतीय स्पर्धा आयोगाच्या अध्यक्षांना यवतमाळहून खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली



मृगाच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात, मग ते राळेगावचे असो, पांढरकवड्याचे, आर्णीचे की वणीचे, काउंटरमागच्या फळ्यांवर सरकीच्या पाकिटांच्या रांगा लागलेल्या असतात. दर पाकिटावर नाव निराळे, कंपनी निराळी, बोंडांनी लदलेल्या पऱ्हाटीचा फोटोही निराळा. पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचली, की जवळजवळ प्रत्येकावर एकच उल्लेख सापडतो: बीजी-2, मॉन 15985. संकर ज्याचा त्याचा, पण बोंडअळीविरुद्धचे जनुक सगळ्यांकडे एकाच घरातून आलेले. या जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून जास्त जमीन कापसाखाली असते. एकरी दोन पाकिटे धरली आणि 2025 च्या हंगामाची 901 रुपये ही कमाल किंमत लावली, तर पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच पावणेदोनशे कोटी रुपयांच्या पुढे रक्कम निव्वळ सरकीवर जाते. फळीवरच्या कंपन्या एकमेकींशी झुंजत आहेत आणि त्या झुंजीत आपला फायदा आहे, या समजुतीवर शेतकरी हा पैसा मोजतो. ती समजूत कितपत खरी आहे, हे ठरवण्याचे अधिकार कायद्याने आपल्या आयोगाला दिले आहेत. स्पर्धक म्हणवणाऱ्या कंपन्यांमधली सामाईक मालकी आपला कायदा फक्त खरेदीच्या घटकेला तपासतो आणि त्यानंतर तिच्याकडे पाठ फिरवतो. कापसाच्या बियाण्यात याची किंमत आम्ही मोजली आहे आणि हा दोष दूर करण्यात आयोगाने पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

इतिहास आपल्या दप्तरात आहेच, पण तो मालकीच्या अंगाने क्वचित सांगितला जातो. डॉ. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्याला महिको उभी केली. संकरित बियाण्यात ती देशातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक झाली. 1998 मध्ये अमेरिकेच्या मॉन्सँटोने महिकोचे 26 टक्के समभाग घेतले आणि त्याच सुमारास दोघांची निम्म्या-निम्म्या मालकीची महिको मॉन्सँटो बायोटेक ही कंपनी निघाली. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला केंद्राची मंजुरी मिळाली, 2006 मध्ये बीजी-2 आले आणि या संयुक्त कंपनीने देशातल्या चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांना परवाने दिले. हे परवानाधारक बाजारात महिकोचे थेट प्रतिस्पर्धी होते. म्हणजे जिच्याशी स्पर्धा करायची, तिच्याच अर्ध्या मालकीच्या कंपनीकडून जनुक घ्यायचे, प्रत्येक पाकिटामागे तिला रॉयल्टी द्यायची, आणि रॉयल्टी पाकिटामागे असल्यामुळे आपण किती माल विकला याचा हिशेबही तिच्याच दारी पोचवायचा. त्या अर्ध्या मालकिणीचा 26 टक्के हिस्सा पुन्हा दुसऱ्या अर्ध्या मालकाच्या हाती.

26 टक्के हा आकडा सहज निवडलेला नसतो. आपल्या कंपनी कायद्यात विशेष ठराव मंजूर व्हायला 75 टक्के मते लागतात, त्यामुळे ज्याच्याकडे एक चतुर्थांशाहून जास्त हिस्सा आहे त्याच्या संमतीशिवाय कंपनीचे मोठे निर्णय अडतात. कंपनी चालवण्याचे ओझे अंगावर न घेता तिला थांबवण्याची ताकद या हिश्श्यात येते.

या रचनेमुळे स्पर्धेची धार कशी बोथट होते, ते एका पाकिटावर पाहता येते. केंद्राने 2016 मध्ये रॉयल्टी 49 रुपयांवर आणली, त्याआधी बीजी-2 च्या पाकिटामागे ती सुमारे 163 रुपये होती. एखाद्या शेतकऱ्याने महिकोचे पाकीट सोडून दुसऱ्या कंपनीचे घेतले, तर साध्या बाजारात महिकोचे ते निखळ नुकसान ठरले असते. इथे संयुक्त कंपनीचा खर्च वजा जाण्यापूर्वीच्या हिशेबाने 163 पैकी एक्याऐंशी रुपये महिकोच्या बाजूला जमा होतात. मॉन्सँटोच्या बाजूने पाहिले तर पाकीट कोणाचेही खपो, निम्मी रॉयल्टी ठरलेली, आणि ते महिकोचे असेल तर नफ्यातला चौथाई वाटा वर. गिऱ्हाईक हातचे गेल्यावर जो चटका बसायला हवा तो अशा मालकांना पुरता बसत नाही. मग भाव पाडण्याची घाई राहत नाही आणि जुने होत चाललेले जनुक बदलून नवे आणण्याची निकडही राहत नाही. या कंपन्यांनी बंद खोलीत बसून संगनमत केले, असा आरोप मी करत नाही. मुद्दा असा की अशा मालकीत संगनमताची गरजच उरत नाही. प्रत्येकाने आपापले हित पाहिले तरी परिणाम तोच होतो, म्हणूनच स्पर्धा कायद्याचे संगनमत पकडण्यासाठी लिहिलेले कलम 3 इथे हाती काही लागू देत नाही.

आता कायद्याने हे कधी पाहिले ते बघा. 1998 मध्ये स्पर्धा कायदा अस्तित्वात नव्हता. तो 2002 मध्ये झाला, करार आणि वर्चस्वाबाबतची कलमे 20 मे 2009 ला लागू झाली आणि कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाची कलमे 1 जून 2011 ला. तोवर महिकोमधला हिस्सा तेरा वर्षांचा जुना झाला होता. कलम 20 (1) च्या परंतुकाप्रमाणे एखादा व्यवहार अमलात आल्यापासून एक वर्ष उलटले की आयोगाला त्याची चौकशी आपणहून सुरू करता येत नाही. परिणामी देशातला जवळजवळ सगळा कापूस ज्या मालकीच्या छायेत पेरला जात होता, ती मालकी तपासायला कायद्यात दारच नव्हते. दार उघडले ते जर्मनीच्या बायरने मॉन्सँटो विकत घ्यायचे ठरवले तेव्हा. जून 2018 मध्ये आयोगाने त्या विलीनीकरणाला सशर्त मंजुरी दिली, आणि त्या अटींमध्ये मॉन्सँटोचा महिकोमधला 26 टक्के हिस्सा विकून टाकण्याची अट होती. आयोगाचा तो निर्णय योग्य होता आणि तो घेण्याचे धैर्य आयोगाने दाखवले, हे इथे मनापासून नोंदवतो. पण त्याच निर्णयातून पुढचा प्रश्न उभा राहतो. जो हिस्सा 2018 मध्ये स्पर्धेला बाधक ठरला, तो 2008 मध्ये बाधक नव्हता काय? पेरणी तीच होती, पाकिटे तीच होती. दोन परदेशी कंपन्यांनी आपसात सौदा केला नसता, तर तो हिस्सा आजही जसाच्या तसा राहिला असता.

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वी येऊन गेला. द्यू पाँ कंपनीने 1917 ते 1919 या काळात जनरल मोटर्सचे सुमारे 23 टक्के समभाग घेतले. ती जनरल मोटर्सला गाड्यांचे रंग आणि कापड पुरवत असे. सरकारने खटला भरला तो 1949 मध्ये. इतक्या वर्षांनी जुनी खरेदी उकरून काढता येणार नाही, असा बचाव झाला. 1957 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. 1914 च्या क्लेटन कायद्याखाली समभागांची खरेदी स्पर्धेला घातक ठरण्याची शक्यता ज्या वेळी दिसेल, त्या वेळी ती तपासता येते, असा तो निकाल आहे. पुढे द्यू पाँला ते समभाग सोडावे लागले. तिथे तीस वर्षांनीही प्रश्न विचारता येतो, आपल्याकडे बारा महिन्यांत तोंड मिटते. ज्या बाजारात एका जनुकाची मंजुरी, प्रसार आणि उतार यांना पंधरा-वीस वर्षे लागतात, तिथे बारा महिन्यांत हिश्श्याचा परिणाम दिसणार तरी कसा?

आयोगाकडे दुसरे मार्ग होते आणि ते वापरूनही पाहिले गेले, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार तेव्हाच्या मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या पुढे होती. त्या लढ्यातून ती साडेसातशेवर आली आणि त्याचा लाभ आमच्या शेतकऱ्यांनाही मिळाला. त्या वेळी पुढाकार महाराष्ट्राने घेतला नव्हता, याची खंत आजही वाटते. 2015 मध्ये केंद्राच्या कृषी खात्यानेच आपल्याकडे संदर्भ पाठवला. फेब्रुवारी 2016 च्या आदेशात आयोगाने रॉयल्टीची पद्धत आणि परवाना रद्द करण्याच्या जाचक अटी प्रथमदर्शनी आक्षेपार्ह ठरवून चौकशी लावली. पण ती वाट न्यायालयात अडली. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने आयोगाचा अधिकार मान्य केला, तर जुलै 2023 मध्ये खंडपीठाने पेटंटच्या परवान्यांबाबत पेटंट कायद्यालाच प्राधान्य दिले, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. या निकालांशी माझे मतभेद असले तरी ते बाजूला ठेवतो. परवान्याची वाट अरुंद झाली असेल, तर मालकीच्या वाटेचे महत्त्व वाढते, हा माझा मुद्दा आहे. कोणत्या स्पर्धकाने कोणाचे समभाग धरावेत याबद्दल पेटंट कायदा काही बोलत नाही. खरेदी-विलीनीकरणाची कलमे 5 आणि 6 ही निर्विवादपणे आयोगाची आहेत. शिवाय ज्या पेटंटवरून एवढे वाद झाले, ते बीजी-2 चे पेटंट 2019 मध्येच संपले. पेटंटला मुदत असते. समभागांना नसते.

आता आक्षेपांकडे वळतो. त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप असा की याच भागीदारीने बीटी कापूस भारतात आणला, आणि मॉन्सँटोला हिस्सा मिळाला नसता तर तिने तंत्रज्ञान दिलेच नसते. 2002-03 मध्ये देशात हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास रुई निघत होती, ती 2007-08 पर्यंत साडेपाचशे किलोंच्या आसपास गेली. त्यात चांगला पाऊस, संकरित वाण आणि सिंचन यांचा वाटा आहे, पण हिरव्या बोंडअळीवर बीटीने मिळवलेला ताबाही आहे. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही तंत्रज्ञान आणण्यासाठी संयुक्त कंपनी काढणे एक, आणि बियाणे विकणाऱ्या स्पर्धकाचा चौथाई हिस्सा त्याच्या जोडीने धरून ठेवणे वेगळे. पहिल्याशिवाय जनुक आले नसते असे मानता येईल. दुसऱ्याशिवायही ते आले असते, कारण रॉयल्टीची कमाई परवान्यातून होतच होती. आणि सुरुवातीला भागीदारी गरजेची होती असे धरले, तरी ती वीस वर्षे कोणीही न तपासता चालू द्यावी, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. डिसेंबर 2015 पासून कापूस बियाण्याची कमाल किंमत केंद्र ठरवते, 2020 पासून रॉयल्टीही शून्य केली आहे, मग सामाईक मालकीने बिघडले काय? पाकिटाच्या किमतीपुरते हे उत्तर पुरते, पण शेतकऱ्याचा खर्च पाकिटावर थांबत नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीजी-2 ला जुमानले नाही आणि विदर्भातल्या वेचणीची दैना केली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि ती मी कोणा एका कंपनीच्या माथी मारत नाही. पण जनुक निष्प्रभ झाले की फवारे वाढतात, हे इथला कोणताही शेतमजूर सांगेल. निष्प्रभ जनुकाच्या जागी दुसरे, स्पर्धकाचे जनुक तयार असायला हवे होते. ते नव्हते. यात सरकारी मंजुरीच्या दिरंगाईचा मोठा भाग आहे. मॉन्सँटोने 2016 मध्ये पुढच्या तंत्रज्ञानाचा अर्ज मागे घेतला तो सरकारी धोरणावर नाराज होऊन, हेही मान्य. मात्र बाजारातले चाळीसहून अधिक खेळाडू एकाच झऱ्यावर बसलेले असताना दुसरा झरा खणण्याची ईर्ष्या कोणाला वाटणार? किंमत नियंत्रण भावाला लगाम घालू शकते, संशोधनाला धक्का देऊ शकत नाही. ही पोकळी आज बेकायदा तणनाशक-सहनशील बियाणे, म्हणजे इथल्या भाषेत चोर बीटी, भरून काढते आहे. त्यात शेतकऱ्याला ना पावती मिळते, ना उगवणीची हमी.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. एकाच उद्योगातल्या अनेक कंपन्यांचे थोडे-थोडे समभाग बाळगणाऱ्या मोठ्या गुंतवणूक निधींमुळे स्पर्धा खरोखर कमी होते का, यावर जगभर वाद आहे. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांवर आझार, श्माल्झ आणि टेकू यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सामाईक मालकीमुळे तिकिटे काही टक्क्यांनी महागतात, असे त्यांना आढळले. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी गंभीर शंकाही घेतल्या. युरोपीय आयोगाने 2017 मध्ये डाऊ आणि द्यू पाँच्या विलीनीकरणात बियाणे-कीटकनाशक उद्योगातल्या अशा सामाईक भागधारकांची दखल घेतली. हा वाद लवकर सुटणारा नाही आणि निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या निधींच्या मागे आयोगाने आपली शक्ती खर्ची घालावी, असे मला वाटत नाही. पण त्या वादाचा आडोसा घेऊन आमच्यासारखी प्रकरणे टाळता येणार नाहीत. तीन-चार टक्के धरून गप्प बसणारा निधी कुठे, आणि स्वतः बियाणे-तंत्रज्ञान विकणारी, एक चतुर्थांशाहून जास्त हिस्सा धरणारी आणि परवान्यांच्या हिशेबातून सगळ्या बाजाराची विक्री पाहू शकणारी कंपनी कुठे! दुसऱ्या प्रकारात पुराव्याचा वाद फारसा उरत नाही.

आयोगाला हा फरक कळतो. ओला आणि उबर या दोन्ही कंपन्यांत सॉफ्टबँकेची गुंतवणूक असल्याची तक्रार मेरू या टॅक्सी कंपनीने आणली. 2018 मध्ये ती फेटाळतानाही आयोगाने सामाईक गुंतवणुकीच्या धोक्याची नोंद घेतली. 2020 मध्ये क्रिसकॅपिटलला इंटास या औषध कंपनीत हिस्सा वाढवायचा होता, तेव्हा मॅनकाइंड या स्पर्धक कंपनीच्या संचालक मंडळातून आपला प्रतिनिधी काढून घेण्याची हमी तिने दिली. 2023 च्या दुरुस्तीने नियंत्रणाची कसोटी भरीव प्रभावापर्यंत खाली आणली आणि ती सप्टेंबर 2024 पासून लागू झाली. नव्या सूट-नियमांप्रमाणे एकाच धंद्यातल्या कंपनीत दहा टक्क्यांपर्यंतची गुंतवणूक कळवावी लागत नाही, पण त्यासाठी संचालकपद किंवा व्यापारी गुपिते मिळता कामा नयेत. ही दिशा बरोबर आहे.

मग कमी काय आहे? ज्या कंपनीत हिस्सा घेतला जातो तिची भारतातली मालमत्ता 450 कोटींपर्यंत किंवा उलाढाल 1250 कोटींपर्यंत असेल, तर दोन हजार कोटींच्या वरचा सौदा वगळता तो व्यवहार आयोगाकडे येतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक बियाणे कंपन्या या रेषेखाली आहेत. दोन-तीनशे कोटींची कंपनी दिल्लीहून किरकोळ दिसत असेल. पण बियाण्याचा बाजार जमीन आणि पावसाप्रमाणे वाटलेला असतो. काळ्या कोरडवाहू रानात चालणारा एखादा वाण विदर्भातल्या दोन-तीन जिल्ह्यांवर राज्य करू शकतो. अशा कंपनीचे पंचवीस टक्के उद्या तिच्याच स्पर्धकाने घेतले, तर आयोगाला त्याचा पत्ताही लागणार नाही, आणि वर्ष उलटल्यावर लागला तरी हात बांधलेले असतील. 1998 ची गोष्ट अशीच पुन्हा घडू शकते. या खेपेला कायदा अस्तित्वात असेल, एवढाच फरक.

म्हणून आयोगाकडे आमची मागणी नेमकी आहे. ई-कॉमर्स आणि औषधांच्या बाजाराचे अभ्यास आयोगाने आपणहून केले, तसा कापूस बियाण्याच्या मालकीचा आणि परवान्यांचा अभ्यास हाती घ्यावा: कोणत्या कंपनीत कोणत्या स्पर्धकाचा किती हिस्सा, कोणाचे संचालक कोणाकडे, कोणते जनुक कोणाच्या परवान्याने. त्या अभ्यासाच्या आधारे केंद्राला दोन शिफारशी कराव्यात. एकाच पिकाचे बियाणे विकणाऱ्या स्पर्धकाने दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा घेतला, तर उलाढालीची सूट लागू नये. आणि कलम 20 मधली एक वर्षाची मर्यादा स्पर्धकांमधल्या हिश्श्यांपुरती उठवावी. अशाने गुंतवणूकदार बिचकतील, सौद्यांना अंतिमता राहणार नाही, ही भीती रास्त आहे. जो व्यवहार आयोगाला कळवून मंजूर करून घेतला आहे, त्याला पूर्ण संरक्षण देऊन ती दूर करता येईल. जुन्या हिश्श्याची विचारणा फक्त न कळवलेल्या व्यवहारांना लागू असावी.

आणि एक काम तर कायदा न बदलताही होण्यासारखे आहे. 2018 च्या आदेशात बायरने आणखी काही बंधने स्वीकारली होती. जनुकांचे परवाने सर्वांना रास्त आणि भेदभावरहित अटींवर देण्याचे बंधन त्यातलेच. या बंधनांची मुदत सात वर्षांची होती, आणि 2018 पासून मोजली तर ती सरली आहे. त्या सात वर्षांत किती कंपन्यांनी परवाने मागितले, किती मिळाले, किती नाकारले गेले, महिकोतला हिस्सा कोणाकडे गेला आणि मुदत संपल्यावर आता काय लागू आहे, याचा अहवाल आयोगाने प्रसिद्ध करावा. तो मराठीतही असावा आणि पुढच्या खरिपाची पाकिटे फळीवर लागण्याआधी, म्हणजे मे महिन्यापूर्वी, आमच्या हाती यावा.

कळावे.

आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातील एक नागरिक